थोरले साडू आणि कोपऱ्याचा प्लॉट

ज्या जमिनीवर आमचे थोरले साडू एकदा उभे राहिले, त्या जमिनीवर पुढची तीन वर्षं दुसरं काही उभं राहत नाही. हे मी रागानं बोलत नाही, अनुभवानं बोलतो. रागानंही बोलतो, पण तो नंतरचा भाग. सदलग्याला त्यांच्या स्वतःच्या परसात न्हाणीघर बांधायला काढलं, तेव्हा पाया खणताना चार जुन्या विटा एका ओळीत लागल्या. चार विटा! तुम्ही-आम्ही काय केलं असतं? काढून त्याच पायात घातल्या असत्या. साडूंनी गवंड्याला चहा पाजून घरी पाठवलं, चारी बाजूंनी खुंट्या ठोकून सुतळी ओढली आणि "हितं बसदी असणार" असं जाहीर करून टाकलं. बसदी म्हणजे आमच्या जैनांचं जुनं मंदिर. पुढं तीन वर्षं आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पत्र्याच्या आडोशाला अंघोळ करत राहिली. चौथ्या वर्षी गल्लीतली एक म्हातारी वाटीभर ताक मागायला आली, सुतळी ओलांडून सरळ आत गेली आणि म्हणाली, "अगं, ह्यो तुझ्या सासऱ्याचा तंबाखूची पोती ठेवायचा कट्टा की!" साडू दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कट्टा बी जुनाच हाय की." शेवटी न्हाणीघर झालं, पण कट्टा मधे ठेवून. अजूनही त्यांच्याकडे अंघोळीला जायचं तर आधी एक पायरी चढावी लागते आणि मग उतरावी लागते. नवख्या पाहुण्याची नडगी हमखास फुटते.

माणूस तसा शेतकरी. ऊस आहे, थोडी तंबाखू आहे, दारात दोन म्हशी आहेत. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, माझी बायको सुनंदा दाजी म्हणते, आणि मी तोंडावर अण्णा म्हणतो. माघारी काय म्हणतो ते इथं लिहिता येणार नाही. तरुणपणी कधीतरी एका निवृत्त कन्नड मास्तरांनी त्यांना जुन्या शिलालेखांची अक्षरं ओळखायला शिकवली, आणि तिथून हे दुखणं लागलं. खताच्या पोत्याची शिवलेली एक पिशवी सदा खांद्याला असते. तिच्यात नायलॉनचा ब्रश, घरातल्या सगळ्यांचे निकामी झालेले दातांचे ब्रश, पाण्याची बाटली आणि गव्हाचं पीठ. पीठ कशाला, तर झिजलेल्या दगडावर चोळून वरवर पुसलं की खोलगट अक्षरांत ते अडकून राहतं आणि अक्षर पांढरं होऊन दिसायला लागतं. विद्या चांगली आहे, पण पीठ आक्काच्या डब्यातलं. एकदा मी जेवायला बसलो असताना चौथी चपाती मागितली, तर आक्का शांतपणे म्हणाली, "भात घ्या. तुमची चपाती शिरगुप्पीच्या वाटंवर एका दगडाला लावलीया."

हे पिशवी घेऊन निघाले की बरोबर जाणाऱ्यानं घरी सांगून जावं. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला आणि साडूंना जांबोटीला जेवायला बोलावलं होतं. आधीच तिकडं बसगाड्या मोजक्या. निम्म्या वाटेत साडू खिडकीतून बाहेर बघता बघता ताडकन उठले आणि कंडक्टरला म्हणाले, थांबवा. कंडक्टरला वाटलं म्हाताऱ्याला घाईची लागली. "इळीरी अज्जा, बेग इळीरी," म्हणजे उतरा आजोबा, लवकर उतरा, असं म्हणत त्यानं लगबगीनं उतरवलं, आणि एकट्याला कसं सोडायचं म्हणून मीही उतरलो. झाडीत एक दगड अर्धा पुरलेला उभा होता. साडूंनी चपला काढल्या, पाणी मारलं, पीठ चोळलं, आणि पाऊण तासाच्या तपश्चर्येनंतर दगडावर अक्षर उमटलं: 'खानापूर' आणि खाली एक आकडा. मैलाचा दगड होता. पुढचे सगळे मैल आम्ही चालत गेलो. तिथं पोचल्यावर जेवण गार झालेलं, आणि यजमानीणबाई परसात धुणं धूत होत्या. त्यांचा धुण्याचा दगड बघून साडूंचे डोळे लकाकले. म्हणाले, "वैनी, जरा धुणं बाजूला घेता काय? ह्याची खालची बाजू बघायची हाय." चार माणसं, एक पहार, दोन वासे. दगड उलटला. खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा गुळगुळीत होती आणि तिच्यावर एक गोगलगाय होती. परत पालथा घालताना दगडाचे दोन तुकडे झाले. त्या बाईंनी मोठ्या तुकड्यावर धुणं पुढं सुरू केलं, आणि माझ्या सहकाऱ्यानं मला पुन्हा कधी जेवायला बोलावलं नाही.

आणि पत्रं. कुठं रस्ता रुंद होतोय, कुठं समाजमंदिराचा पाया निघतोय, कुठं शाळेची नवी खोली होतेय, साडूंचं पत्र पोचलंच म्हणून समजा. तेही तीन भाषांत. कन्नडमध्ये, कारण ऑफिस कन्नड, मराठीत, कारण साडूंना राग मराठीत येतो, आणि इंग्रजीत, "म्हंजे कळलं न्हाय असं कुणी म्हणाय नको." आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरनं माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. साडूंना दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आपल्याकडं ओढून बघितलं. दगडावरची अक्षरं जुनी कन्नड निघाली की एक बाजू खूश, मराठी निघाली की दुसरी. साडू दोघांनाही एकच सांगायचे, "हातात दगड घेणारी दोन्हीकडं लई हैत. दगड वाचणारा एक बी न्हाय." त्यानंतर दोन्ही बाजूंनी त्यांना सभेला बोलवायचं बंद केलं.

आता हा माणूस माझ्याच नशिबी साडू म्हणून का यावा? कारण मी नकाशे काढायचो. बेळगावात एका इंजिनियरच्या ऑफिसात तीस वर्षं मी हेच केलं. शेतजमीन एन.ए., म्हणजे बिनशेती झाली की तिचे प्लॉट पाडायचे, रस्ते दाखवायचे, आणि नियमाप्रमाणं पार्कला जागा सोडायची. या शेवटच्या गोष्टीत आमच्या धंद्याची सगळी अक्कल असते. पार्क कुठं सोडायचा? जिथं प्लॉट पडत नाही तिथं. ओढ्याकडेचा सखल तुकडा, विजेच्या तारांखालची पट्टी, नकाशा कापून उरलेला तिकोना. नकाशावर त्याला हिरवा रंग दिला की झाला पार्क. त्यात पुढं म्हशी बसतात, पावसाळ्यात बेडूक ओरडतात, पण कागद बरोबर असतो. मी काढलेल्या वसाहती या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत आणि त्यातल्या एकाही पार्कात कोरड्या पायानं जाता येत नाही. साडू यावरनं मला नेहमी टोचायचे. "पाव्हणं, तुमी हिरवा रंग लई वापरताय." मी म्हणायचो, अण्णा, माणसांना राहायला घरं पाहिजेत, तुमच्या नादी लागलं तर निम्मा जिल्हा सुतळीत बांधून ठेवावा लागेल आणि माणसं झाडावर राहतील. त्यावर ते विचारात पडून म्हणायचे, "व्हय, घरं बी पायजेतच." एवढं कबूल करून पुन्हा दुसऱ्या दिवशी एखाद्याचं घर अडवायचे.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं हे घोडं एक दिवस आमच्याच दारात आलं. माझ्या सासऱ्यांची निपाणीजवळ हायवेला लागून थोडी जमीन. सासरे गेले, मुलगा नाही, दोघी बहिणीच. दोघींनी ठरवलं, प्लॉट पाडायचे. रस्ते-गटारं करून देणाऱ्या कंत्राटदाराला त्याचा वाटा, आणि दोघी बहिणींना घराला एकेक प्लॉट. नकाशा अर्थातच मी काढला. दुसऱ्यांसाठी शेकडो काढले, स्वतःसाठी हा पहिला. वायव्येचा चढावरचा कोपरा मी सुनंदासाठी ठेवला. दोन्ही बाजूंना रस्ता, वारा सुटा, जमीन कोरडी. लग्न झाल्यापासून आम्ही बेळगावात भाड्याच्या घरांतनं हिंडत होतो. प्रत्येक घर बदलताना ती भिंतीवरचे खिळे काढून डबीत ठेवायची, म्हणायची, आपल्या घरात ठोकू. नकाशा तिला दाखवला तेव्हा तिनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "स्वैपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. त्यानंतर महिनाभर ती खिडकी रोज आमच्या बोलण्यात होती. आक्काचा प्लॉट तिच्या शेजारचाच, दोन नंबर. पार्क? पार्क होता की. पूर्वेला, ओढ्याकडेला, सखल तुकड्यात.

काम सुरू करायच्या दिवशी आम्ही चौघं आणि जेसीबीचा ड्रायव्हर. नारळ फुटला, पेढा वाटला. सुनंदा आणि आक्का बांधावरच्या जांभळीखाली चहा ओतत होत्या. मशीननं कोपऱ्यावरनं माती ओढायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात बकेटचे दात कशाला तरी लागून किंचाळले. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. खाली वाकून बघितलं. काळा दगड, घडलेला, कड सरळ. आता इथं बाहेरच्याला माहीत नसलेली एक रीत सांगतो. जमिनीत असलं काही लागलं की आमच्या धंद्यात कुणी आरडाओरडा करत नाही. ड्रायव्हर हळूच विचारतो, झाकू काय? मालक हो म्हणत नाही. हो म्हटलं तर पाप लागतं आणि साक्षही होते. मालक फक्त वर आभाळाकडं बघतो. तेवढ्यात माती आत जाते, वर हळद-कुंकू पडतं, एक लिंबू ठेवतात, आणि सगळे जेवायला जातात. या जिल्ह्यात अशी किती आभाळं बघितली गेली असतील कुणास ठाऊक. ड्रायव्हरनं मला विचारलं, "साहेब, झाकू काय?"

मी आभाळाकडं बघितलं.

ढग नव्हते, काही नव्हतं. किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही, पण मान खाली आली तेव्हा खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला साडू उभे होते आणि त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. चपला काढल्या, धोतर सावरलं, खड्ड्यात उतरले, आणि बकेटच्या बरोबर खाली दगडाला पाठ टेकून, पाय लांब करून बसले. ड्रायव्हरनं किल्ली काढून खिशात घातली. पुढं दोन तासांनी पाणी मारून दगड धुतला तेव्हा वरच्या बाजूला पद्मासनातली लहानशी जिनमूर्ती निघाली आणि खाली ओळीच्या ओळी अक्षरं. मूर्तीला पाठ लावून बसलो म्हणून साडूंनी दगडाची हात जोडून क्षमा मागितली. माझी मागितली नाही.

दिवसभर माणूस खड्ड्यातनं हलला नाही. मी समजावलं, ओरडलो, कायदा सांगितला. पुरातत्त्व खात्याला कळवलं तर हे काम किती वर्षं लटकेल सांगता येत नाही, कंत्राटदार निघून जाईल, मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कळवायला तर पायजेच. पण लटकायला कशाला पायजे? पार्क किती सोडलाय?"

"नियमाप्रमाणं."

"कुठं?"

"ओढ्याकडं."

"का?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला प्लॅनिंगच्या ऑफिसातल्या एकाही साहेबानं विचारला नव्हता. साडू म्हणाले, "नकाशा तुमचा, पाव्हणं. पेन्शील बी तुमची. पार्क हिकडं आणा, म्हंजे दगड बी ऱ्हातोय आन् वसाहत बी व्हती. कुणाचं काय आडलं?"

"सुनंदाचं आडलं," मी ओरडलो.

यावर मात्र त्यांनी मान खाली घातली. आम्ही जैन, त्यात साडू नेमाचे पक्के. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेणार नाहीत. ऊन कलायला लागलं तसा आक्कानं डबा भरला, पण घेऊन गेली ती सुनंदा. भांडायला निमित्त पाहिजे होतं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून तिनं भाकरी त्यांच्या हातात जवळजवळ फेकली. "दाजी, दगडाला चढावरची जागा आन् मला ओढा व्हय? मी काय केलंय तुमचं?" साडूंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "त्यो तुझ्या आदी आलाय गं," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आमचा दोन नंबर तू घे. आमी ओढ्याकडं जातो." सुनंदा तशीच उभी राहिली. म्हणाली, "आक्कानं तुमच्या चार विटांपायी तीन वर्षं पत्र्याआड काढली. तिच्या ताटातलं मी घेणार न्हाय. जेवा लवकर, दिस बुडायला आलाय." आणि खड्ड्याच्या काठावर पाठ फिरवून बसून राहिली, ते जेवेपर्यंत.

पुढचे पंधरा दिवस मी साडूंशी बोललो नाही. ते मात्र येऊन ओला कागद दगडावर बसवून, शाईचा बोळा थापून ठसे काढत होते. ते ठसे त्यांनी धारवाडच्या एका प्राध्यापक बाईंना पाठवले. साडूंना स्वतःला निम्मी अक्षरं लागली होती, पण ते म्हणाले, माझा मैलाचा दगड झालेला हाय, मी बोलणार न्हाय. बाईंचा फोन आला तो माझ्या फोनवर, कारण साडूंचा फोन पिशवीतल्या पिठानं बंद पडला होता. बाई म्हणाल्या, गावच्या प्रमुखानं बसदीच्या फुलबागेसाठी जमीन दिली, त्याचा हा लेख आहे. पूर्वेला ओढा, उत्तरेला मोठी वाट, पश्चिमेला अमक्याचं शेत. ओढ्यापासून वर, चढावरची जमीन, अमुक काठीनं मोजून दिली. शेवटी नेहमीचा शाप, जो ही बाग मोडेल त्याला काशीत गाय मारल्याचं पाप. मी सुनंदाला शापाचं सांगितलं. ती म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं भाड्याच्या घरात हाय मी. आनि काय शाप लागायचा ऱ्हायलाय?"

शापाचं मलाही काही वाटलं नाही. पण दुसरीच गोष्ट डोक्यात बसली. त्या रविवारी मी नकाशा पसरला आणि दगडावरच्या हद्दी त्याच्यावर घालून बघितल्या. ओढा तिथंच होता. मोठी वाट म्हणजे आपला हायवेचा फाटा, फार तर दोन हात सरकलेला. कित्येक शतकांपूर्वी माझ्याच धंद्यातला कुणीतरी एक माणूस काठी घेऊन या जागेवर उभा राहिला होता. त्यालाही बागेला जागा काढून द्यायची होती, त्याच्याही पुढ्यात ओढा होता, चढ होता. आणि त्या गृहस्थानं बागेला चढावरची चांगली जमीन दिली होती. मला लाज वाटली असं मी म्हणणार नाही. मी चिडलो. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करायची सोय नसते. दुपारपर्यंत मी नकाशा नव्यानं काढला. हिरवा रंग कोपऱ्यात आला, आणि त्याच्या बदल्यात आमचं घर ओढ्याकडं गेलं. सुनंदानं नव्या कागदावर बोट ठेवून जागा बघितली आणि खिडकीचं काही विचारलं नाही. त्या दिवशी मी साडूंना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्यात तिन्ही भाषा वापरल्या.

मग पंचनामा. पुरातत्त्वाचे एक साहेब आले, भले गृहस्थ होते. म्हणाले, जागेवरच मोकळ्या बागेत दगड राहत असेल तर याहून चांगलं काय, नाहीतर उचलून न्यावा लागला असता. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, मशीन कुणी थांबवलं? साडू समोर होते. हा माणूस खोटं बोलत नाही, हे अख्ख्या सदलग्याला ठाऊक आहे. बांधाच्या वादात यांनी सख्ख्या भावाविरुद्ध खरी साक्ष दिली आणि तो भाऊ अजून यांच्या दाराची पायरी चढत नाही. साडूंनी माझ्याकडं हात केला. "ह्यांनी. आमच्या साडूंनी. वर हात केला आन् मशीन बंद." ड्रायव्हर आपल्या मशीनच्या चाकाकडं एकटक बघत राहिला. साहेबांनी माझं नाव विचारून लिहून घेतलं. त्या वर्षी झेंडावंदनाला गावच्या शाळेत माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. 'एका जागरूक नकाशाकारामुळे ठेवा वाचला,' असं हेडमास्तर म्हणाले. साडू पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होते. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती शाल कपाटात आहे. अजून मी ती अंगावर घेतलेली नाही.

घर झालं. ओढ्याकडचं म्हणून जोतं उंच घेतलं, तरी पावसाळ्यात पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत येतं आणि दर वेळी सुनंदा खराटा हातात घेऊन दाजींचा उद्धार करते. मी आत बसून ऐकतो आणि गप्प राहतो. वर चढावर बाग चांगली झाली आहे, आणि तिथं कोरड्या पायानं जाता येतं. संध्याकाळी वसाहतीतली म्हातारी माणसं दगडाजवळच्या बाकावर बसतात. तिथल्या पाटीवर माझं नाव आहे.

साडू आता फिरत नाहीत. एका टेकडीवर कसलीशी पायरी बघायला चढले आणि घसरले, गुडघा गेला. मागच्या महिन्यात मी एकटाच सदलग्याला गेलो. सोप्यात खाटेवर पाय पसरून बसले होते, पुढ्यात वाळत घातलेले जुने ठसे. दगडांची चौकशी झाली, उसाची झाली. मग मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी ड्रायव्हरनं झाकू काय म्हणून विचारलं, तेव्हा मी वर बघितलं होतं. मी थांबवलं नव्हतं. तुम्ही मला बघितलंत."

साडूंनी एक ठसा उचलला, उलटा करून पुन्हा खाली ठेवला.

"मी कुठं तुमच्याकडं बघत हुतो, पाव्हणं? मी दगड बघत हुतो."

एवढं म्हणून त्यांनी आक्काला हाक मारली, "चा टाक गं, पाव्हणं लांबनं आल्यात." खोटं बोलणं त्यांना या वयातही जमत नाही, माझ्याकडं बघायचं टाळून ते भिंतीवरच्या कॅलेंडराशी बोलत होते. मला या माणसानं जितका त्रास दिलाय तितका दुसऱ्या कुणी दिलेला नाही. माझी बायको आजही चढावरचं घर हुकलं म्हणून त्यांना बोल लावते आणि दगड वाचवला म्हणून मला मान देते, आणि हे दोन्ही त्यांनी ऐकून घेतलं आहे. चहा घेतला. निघताना मी वाकून त्यांच्या पाया पडलो. साडूच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही, दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर त्यांनी पाय मागे घेतले असते. त्यांनी घेतले नाहीत. गुडघा वळत नव्हता, म्हणून असेल.